‘असं का?’ विचारणाऱ्या वयात : आईबाबांचे अनुभव

तीन ते सहा वर्षांचे मूल जे विचारते आणि जे मनाने रचून सांगते, ते त्याचे विचार करणेच असते, असे मला मनापासून वाटते. म्हणून आपल्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्याच्यासोबत काय पाहता आले आणि त्याच्या कल्पनांना घरात कशी जागा मिळाली, हे पालकांनी प्रसंगासह लिहावे. सुरुवात मी करते.

आमच्या घरामागे चिंचेचे जुने झाड आहे. दिवेलागणीला त्याची पाने मिटलेली पाहून साडेचार वर्षांच्या लेकीने विचारले, “आई, चिंच झोपली का गं?” मी म्हटले, “आंबा झोपलाय का, बघू या.” टॉर्च घेऊन आम्ही झाडे पाहत फिरलो. आंब्याची आणि फणसाची पाने दिवसासारखीच उघडी होती, गुलमोहराची मात्र मिटलेली. चिंचेवर उजेड पडताच तिने माझा हात खाली केला. झाड जागे होईल, अशी तिला काळजी होती. पानांच्या देठाच्या बुडाशी फुगीर भाग असतो आणि त्यातल्या पेशींमधले पाणी कमी-जास्त झाले की पाने मिटतात-उघडतात, हे मी साध्या शब्दांत सांगितले. “म्हणजे ती सकाळी पाणी पिऊन उठते,” असा अर्थ तिने लावला. तो खोडावा असे मला वाटले नाही, कारण निरीक्षण तिचे होते आणि पाण्याचा धागाही तिने अचूक पकडला होता.

एक बाबा, कोल्हापूर

रात्रीच्या एसटीत मुलाने विचारले, “बाबा, चांदोमामा आपल्या मागे का येतोय?” मी त्याला आधी रस्त्याकडेची झाडे, मग दूरचे डोंगर पाहायला सांगितले. झाडे भराभर मागे जात होती, डोंगर हळूहळू सरकत होते. जितके लांबचे तितके ते कमी हलताना दिसते, हे त्यालाच जाणवले. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर असल्यामुळे तो जागचा हलतच नाही असे भासते, एवढेच मी जोडले. घरी पोचताच त्याने आजीला फोन लावून तिच्याकडेही चंद्र आहे का, याची खात्री करून घेतली.

एक आई, ठाणे

आमच्या घरी गंपू नावाचा कोणाला न दिसणारा मित्र राहतो. जेवताना मुलगा त्याचे ताट मांडायला लावतो आणि त्याला कारले आवडत नाही, हेही बजावतो. अशी कल्पनेतली मैत्री या वयात पुष्कळ मुलांची असते, त्यामुळे आम्ही ताट मांडतो. एक मर्यादा मात्र ठरवली आहे : सांडलेले दूध गंपूच्या नावावर टाकायचे नाही, दोघांनी मिळून पुसायचे. मुलाने हा नियम सहज स्वीकारला. खेळातले खरे आणि घरातले खरे यांतला फरक त्याला आपल्याला वाटतो त्याहून चांगला कळतो, असा माझा अनुभव आहे.

अंगणवाडीत मूल पाठवणारी एक आई, डहाणू

आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडला पाने, बिया, शंख, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. विकतची खेळणी नसली म्हणून मूल मागे पडत नाही, यावर माझा विश्वास त्यामुळेच आहे. माझी मुलगी चिंचोक्यांचे दुकान मांडते, आणि मोठ्या चिंचोक्याला छोटे किती द्यायचे, यावर भावाशी तासभर वाद घालते.

एक आई, म्युनिक

येथे डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. दुपारी नागपूरच्या आजीशी बोलताना तिच्या खिडकीत मात्र आधीच अंधार असतो. “आजी, सूर्य आत्ता आमच्याकडे आहे, तुला उद्या पाठवते,” असे मुलीने सांगितले. आजीनेही तितक्याच आस्थेने दुसऱ्या दिवशी ‘सूर्य मिळाला’ असा निरोप धाडला. नंतर आम्ही चेंडूवर नागपूर आणि म्युनिक यांसाठी दोन टिकल्या लावून तो दिव्यासमोर फिरवला. आता फोन लावण्याआधी ती स्वतःच चेंडू फिरवते, आजी झोपली असेल की जागी, हे सांगते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघते.