मदत हवी आहे: लॉगिनचा सहा आकडी कोड रोज चुकीचा ठरतोय

खाडीकाठ | १९ जुलै, रात्री ८:५०
ऑफिसच्या खात्यात शिरताना ऑथेंटिकेटरचा (फोनमध्येच दर अर्ध्या मिनिटाला नवा कोड दाखवणारं ॲप) कोड घालते, "चुकीचा कोड" येतं. काल सात वेळा झालं, मग खातं अर्धा तास बंद पडलं. आजही तेच. पासवर्ड बरोबर आहे. ॲप काढून परत टाकायचा धीर होत नाही. उद्या २० तारीख, तीन क्लायंटची जीएसटीआर-३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायची आहे आणि सगळे कागद ऑफिसच्या ड्राइव्हवर. कृपया लवकर सांगा.

नाना_वाईकर | रात्री ८:५८
ताई, ओटीपी येत नसेल तर आधी इनबॉक्स रिकामा करा. मग फोन विमान मोडवर टाकून दोन मिनिटांनी काढा. तरी नाही आला तर सिम काढून पुसून घाला. माझ्या बँकेचा ओटीपी असाच अडकला होता.

खाडीकाठ | रात्री ९:०२
नाना, ओटीपी येण्याचा प्रश्नच नाही. कोड ॲपमध्ये दिसतोय, तो चालत नाहीये.

अभ्रक | रात्री ९:०५
फोन कुठला? अँड्रॉइड कितवं? तारीख-वेळ आपोआप वर आहे का? ॲप अजिबात काढू नका. कोडमागची गुप्त किल्ली त्या फोनमध्येच असू शकते.

खाडीकाठ | रात्री ९:११
अँड्रॉइड ९. वेळ आपोआपच आहे, आत्ताच बघितलं. म्हणजे वेळेचा प्रश्न नाही.

सुपारीबाग | रात्री ९:१४
ही ॲपची थेरंच नकोत. एसएमएसवर घ्या, सगळ्यांना जमतं. माझी आई पंच्याहत्तरीची आहे, तीसुद्धा करते.

अभ्रक | रात्री ९:१७
एसएमएस सिमला बांधलेला असतो. कोणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर कोड त्याच्या हातात. ॲपचा कोड फोनबाहेरून येतच नाही.

सुपारीबाग | रात्री ९:२०
आणि फोन हरवला की? माझ्या भाच्याचा गेला, आठ दिवस खातं बंद होतं. एसएमएसवाल्याला दुसऱ्या दिवशी तेच नंबरचं सिम मिळालं. मी काय उगाच सांगत नाही.

अभ्रक | रात्री ९:२२
त्यासाठी बॅकअप कोड असतात (फोन नसताना वापरायचे, आधीच काढून ठेवलेले), ते छापून कपाटात ठेवायचे. तो वाद नंतर. ताई, एक नीट सांगा, हे कधीपासून? एकदम बंद झालं की हळूहळू?

खाडीकाठ | रात्री ९:२९
आता विचारलंत म्हणून आठवलं. जूनमध्ये कधी चालायचा, कधी नाही. नवा कोड उमटल्या उमटल्या घातला तर चालायचा. बाजूचं उरलेली वेळ दाखवणारं वर्तुळ संपत आलं असताना घातला की नाकारायचा. मला वाटलं मी हळू टाइप करते. या महिन्यात कसाही घातला तरी नाही.

अभ्रक | रात्री ९:३३
मग घड्याळच मागे पडलंय. एक करा: हा फोन आणि दुसरा कुठलाही चालू फोन शेजारी धरा, मिनिट बदलताना बघा. आणि या फोनमध्ये सिम कुठल्या कंपनीचं आहे?

खाडीकाठ | रात्री ९:४१
सिम नाहीये त्यात. हा माझा जुना फोन, कोडसाठीच वेगळा ठेवलाय. वायफायही बंद असतं, म्हणजे कोणी आत शिरायला नको. ड्रॉवरमध्ये असतो, चार दिवसांनी चार्ज करते. मे महिन्यात एकदा वायफायवर अपडेट केला होता. नवा फोन रोजचा, तो ठीक आहे.
शेजारी धरून बघितलं. नव्यात ९:३९ झाले तेव्हा जुन्यात ९:३७ च होते. दीड मिनिटाच्या वर थांबले, तेव्हा कुठे जुन्यात ९:३९ झाले.

अभ्रक | रात्री ९:४७
हेच पहिल्या पोस्टमध्ये असतं तर नऊलाच सुटलं असतं!
कोड कसा तयार होतो: तुमच्या फोनमध्ये आणि सर्व्हरवर एकच किल्ली. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायचे, त्याला ३० ने भागायचं, त्या आकड्यावरून दोघांनी आपापला कोड काढायचा. इंटरनेट लागत नाही, फक्त घड्याळं जुळायला हवीत. २०११ च्या आरएफसी ६२३८ मध्ये (इंटरनेटच्या तांत्रिक पद्धतींचा दस्तऐवज) हे लिहिलंय. बरेच सर्व्हर मागचा एखादा कोडही चालवून घेतात. म्हणून तुमचं घड्याळ अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पण एका मिनिटापेक्षा कमी मागे होतं तेव्हा ताजा कोड चालायचा, जुना होत आला की नाही.
"आपोआप" म्हणजे टॉवरकडून किंवा इंटरनेटवरून वेळ घेणं. तुमच्याकडे दोन्ही नाही, मग तो बिचारा फोन आतल्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या घड्याळावर चालतो. दहा लाखांत वीस एवढी चूक क्वार्ट्झमध्ये अगदी सर्वसाधारण. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. दोन महिन्यांत शंभरच्या वर.

ढगाळ_सह्याद्री | रात्री ९:५२
वायफाय लावायचं नसेल तर जीपीएसवरून वेळ घ्या, उपग्रहात अणुघड्याळ असतं. फक्त जीपीएस १८ सेकंद पुढे असतं, तेवढे वजा करा.

टॉवरवाला | रात्री ९:५८
वजा करायला लागत नाही. लीप सेकंदांचा (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात अधूनमधून घातलेले सेकंद) हिशेब उपग्रहच पाठवतो, रिसीव्हर सुधारून घेतो. पण त्या जुन्या अँड्रॉइडचं घड्याळ जीपीएसवरून आपोआप लागेल याची खात्री धरू नका.
मी टॉवरच्या देखभालीत आहे म्हणून सांगतो. ५जी चे बरेच आणि ४जी चे काही पट्टे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवतात-घेतात. तिथे प्रत्येक टॉवरचं घड्याळ ठरलेल्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) आत लागतं, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या ऐकण्यावर पडतं. टॉवरवर छोट्या घुमटासारखा पांढरा अँटेना दिसतो ना, तो बऱ्याचदा जीपीएसचा असतो, या कामासाठीच.

नाना_वाईकर | रात्री १०:०३
टॉवरवाले, आमच्याकडे लाईट गेली की पंधरा मिनिटांत रेंज जाते. बॅटऱ्या कोण बघतं? पावसात चार-चार तास असंच.

टॉवरवाला | रात्री १०:०६
नाना, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या की बदलायची मागणी आम्ही वर पाठवतो. व्यक्तिगत निरोप करा, तालुका कळवा.

अभ्रक | रात्री १०:०८
ताई, घरच्या वायफायला जोडा. आपोआप वेळ एकदा बंद करून चालू करा, दोन मिनिटं थांबा. परत शेजारी धरून बघा. खातं पुन्हा बंद पडू नये म्हणून एकदाच प्रयत्न करा, तोही नवा कोड उमटल्यावर.

खाडीकाठ | रात्री १०:३१
लाईट गेली होती म्हणून उशीर. राउटर सुरू झाल्यावर जोडलं. पहिल्यांदा काहीच हललं नाही, आपोआप बंद-चालू केल्यावर घड्याळ उडी मारून पुढे गेलं. आता दोन्ही फोनमध्ये मिनिट एकाच वेळी बदलतंय. कोड पहिल्याच फटक्यात चालला! ड्राइव्ह उघडलं, फायली उतरवून घेतेय. अभ्रक, टॉवरवाले, मनापासून आभार.

अभ्रक | रात्री १०:३४
छान. आता झोपण्याआधी बॅकअप कोड छापून घ्या. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं त्याला वायफायवर ठेवा.

सुपारीबाग | रात्री १०:४०
ताई, कोड आता नव्या फोनवरच का घेत नाही?

खाडीकाठ | रात्री १०:४४
उद्या रिटर्न भरून झालं की बघते.