मदत हवी आहे: दोन उजेडांतले फोटो कर्व्हजने जुळवायचेत

पैठणच्या एका विणकरासाठी पैठण्यांचा कॅटलॉग करतोय. निम्मे फोटो खिडकीच्या उजेडातले, निम्मे एलईडीखालचे. दुसरे पिवळट-हिरवे दिसतात. साड्या विकल्या गेल्यात, म्हणजे पुन्हा फोटो काढता येणार नाहीत. फाइली फक्त जेपेग, रॉ (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) नाहीत.

गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक आपोआप काढणं) करून पाहिला, तर जरीचं सोनंच उडालं, पार चांदी! मग कर्व्हजमध्ये (रेषेवर पॉइंट बसवून उजळपणा बदलायचं साधन) लाल, हिरवा, निळा चॅनल वेगवेगळा घेतला. मागची पांढरी चादर, तिच्या चुणीतली सावली आणि काळा हँगर, या जागांचे आकडे दोन्ही फोटोंत वाचून पॉइंट बसवले. चादर खिडकीत (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) 228, 226, 222 आणि एलईडीखाली 224, 229, 196 होती. आता तंतोतंत जुळते. जरीही बरी येते. पण जांभळे काठ निळसरच राहतात, आणि लाल वाढवला की चादर गुलाबी होते.

फोटोशॉप घ्यायचं नाहीये. प्रत्येक साडीला मास्कही (ठरावीक भागापुरताच बदल) नको, एकच सेटिंग सगळ्या एलईडी फोटोंना लावायचंय.

असा जांभळा नुसत्या चॅनल कर्व्हजने जुळतो का, की चॅनल मिक्सर (एका रंगाच्या चॅनलमध्ये दुसऱ्याचा वाटा मिसळणारं साधन) लागेलच? आणि लागला, तर तो कर्व्हजच्या आधी लावायचा की नंतर?