भूतान सहल आणि 'कार्बन न्यूट्रल'चा शिक्का: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मकरंद (सेक्रेटरी, ए-१०१): नमस्कार मंडळी. भूतान सहलीचं एजन्सीचं पत्रक वर टाकलंय. सात रात्री. पुण्याहून बागडोगरा विमानाने, मध्ये एकदा विमान बदलायचं, आणि बागडोगऱ्याहून भूतानातल्या पारोला पुन्हा विमानाने. येणाऱ्यांनी रविवारपर्यंत माणसं किती ते कळवा. टूर 'कार्बन न्यूट्रल' आहे, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा ते भरून काढणार, त्यामुळे यंदा आपण पर्यावरणप्रेमीसुद्धा 😄

देशमुख वहिनी (ए-४०३): आम्ही चार. सासूबाई पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. बॅगा आत्तापासूनच माळ्यावरून खाली आल्यात.

गोखले काकू (बी-३०२): मकरंद, हे 'कार्बन न्यूट्रल' कशाच्या जोरावर? चौथ्या पानावर बारीक अक्षरात 'प्रत्येक प्रवाशामागे एक झाड' एवढंच आहे. कुठे लावणार, कोण जगवणार, काही नाही.

मकरंद: काकू, शेवटच्या पानावर बघा ना. त्यांनी ग्लासगो जाहीरनाम्यावर सही केलीय म्हणे.

पाटील साहेब (सी-५०१): आता हे ग्लासगो काय आणखी?

रोहन गोखले (सध्या ॲमस्टरडॅम): काका, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला हवामान परिषद झाली, कॉप-२६. तिथे पर्यटन व्यवसायाने जाहीरनामा काढला. सही करणाऱ्याने २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचं आणि २०५० च्या आत जमेल तितक्या लवकर नेट झिरो, म्हणजे जेवढं सोडलं तेवढंच शोषलं, इथे पोहोचायचं. पत्रकात इथपर्यंतच छापतात. पण त्यात आणखी एक अट आहे: सही केल्यापासून बारा महिन्यांत कृती आराखडा द्यायचा आणि दरवर्षी प्रगती जाहीर करायची. सही कोणालाही करता येते, हॉटेल, एजन्सी, शहर, देश, कोणीही. पाळलं नाही तर दंड काही नाही.

गोखले काकू: म्हणजे लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापतात, तसं.

रोहन: आई 😂 साधारण तसंच. पण आराखडा मागता येतो. नुसती सही दाखवतात आणि आराखडा दाखवत नाहीत, तर काय ते समजावं.

सी-२०३: टँकर किती वाजता येणार आहे? दुपारपासून पाणी नाही.

मकरंद: साडेपाचला. पाण्याचं कृपया मेंटेनन्स ग्रुपवर टाका.

अमृता (डी-२०३): मी हॉटेलच्या इंजिनिअरिंगमध्ये आहे, म्हणून थोडं सांगते. पाहुण्याला दिसतं तिथे आधी रंगरंगोटी होते: कागदी स्ट्रॉ, काचेची बाटली, 'टॉवेल पुन्हा वापरा'चं कार्ड. खरा खर्च आणि खरा धूर तळघरात असतो. एसीचा चिलर, गरम पाण्याचा बॉयलर, लाँड्री, डिझेल जनरेटर. डिझेलचा बॉयलर काढून पाणी तापवायला विजेवरचा हीट पंप बसवला की बिलात आणि उत्सर्जनात जो फरक पडतो, तो हजार स्ट्रॉंनी पडत नाही. पण बॉयलरसमोर उभं राहून कोणी सेल्फी काढत नाही. भूतानची वीज जवळजवळ सगळी जलविद्युत आहे, त्यामुळे आपल्या सहलीत हॉटेलचा भाग आधीच हलका. जड भाग विमानाचा. आणि पत्रकात नेमका विमानावरच एक शब्द नाही.

गोखले काकू: अमृता, अगदी बरोबर. गणित करून दाखवते, शाळेत पस्तीस वर्षं हेच केलंय. एक किलो विमानाचं इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

पाटील साहेब: एका किलोचे तीन किलो कसे काय काकू? हे चिटफंडासारखं झालं.

गोखले काकू: इंधनातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, ते वाढलेलं वजन ऑक्सिजनचं. पुढे ऐका. आपण बसतो तसलं १८० आसनांचं विमान ताशी ढोबळमानाने दोन टन इंधन जाळतं. म्हणजे सव्वासहा टन कार्बन डायऑक्साइड. भागिले १८०, तर माणशी ताशी ३५ किलो. जाताना हवेत चार तास आणि येताना चार धरले, तर माणशी २८० किलो. एवढ्यावर हे एक रोप देणार, तेही जगलं तर.

देशमुख वहिनी: काकू, तुम्ही माझ्या सासूबाईंना पहिल्याच फ्लाइटला अपराधी वाटायला लावणार 🙈

गोखले काकू: अगं नाही गं! त्या बिनधास्त बसू देत. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारीला मी काय म्हणून बोलू? मला राग आहे तो शिक्क्याचा.

पाटील साहेब: पण भूतान स्वतःच कार्बन निगेटिव्ह आहे ना, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन शोषतो? किमान साठ टक्के जंगल कायम ठेवायचं असं त्यांच्या राज्यघटनेतच आहे. आपण गेलो की आपलाही हिशेब त्यात मिटतो की.

रोहन: काका, इथेच सगळे फसतात. भूतानच्या वहीत भूतानमधलं उत्सर्जन. पुणे ते बागडोगरा भारताच्या वहीत. आणि बागडोगरा ते पारो कोणाच्याच वहीत नाही. आंतरराष्ट्रीय विमानांचं इंधन देशांच्या बेरजेत धरतच नाहीत, वेगळ्या ओळीत दाखवतात. १९९७ च्या क्योटो करारात ते काम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेवर, म्हणजे इकाओवर सोडलं. इकाओने २०१६ मध्ये 'कोर्सिया' योजना आणली, आणि २०५० चं नेट झिरो ध्येय ठरवलं ते थेट २०२२ मध्ये. कोर्सियातसुद्धा ठरावीक पातळीच्या वर जेवढं उत्सर्जन जाईल, तेवढ्यापुरते क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कार्बन वाचवल्याचे दाखले, विकत घ्यायचे. भारत त्यात २०२७ पासून येतोय.

पाटील साहेब: मग आपण पुणेकरांनीच का डोकं लावायचं? आधी अमेरिका-चीनला सांगा.

रोहन: सांगायलाच हवं. पण २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात २०१९ चं जगाचं ८.८ टक्के उत्सर्जन पर्यटनाच्या नावावर निघालं, आणि त्याआधीच्या दहा वर्षांत ते वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होतं. वाढीत सगळ्यात मोठा वाटा अमेरिका, चीन आणि भारत या तिघांचा.

पाटील साहेब: बरं, आपल्या पुण्याचंही एक सांगू का? मे २०२३ मध्ये देशी जैवइंधन मिसळून पहिलं प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. ते इंधन आपल्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलबरोबर केलेलं. तंत्रज्ञान येतंय, एवढं घाबरायचं कारण नाही.

रोहन: काका, अभिमान मलाही आहे. मिश्रण किती होतं? एक टक्क्यापर्यंत. आपल्या सरकारचं लक्ष्यही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला एक टक्का, २०२८ ला दोन, २०३० ला पाच. युरोपात २०२५ पासून दोन टक्के सक्तीचे, २०३० ला सहा. म्हणजे २०३० मध्येही टाकीत नव्वद टक्क्यांच्या वर जुनंच इंधन, म्हणजे एक प्रकारचं रॉकेल.

शिंदे काका (सी-१०४): सुप्रभात 🌹

शिंदे काका: उशिरा वाचतोय. रेल्वेच्या नोकरीत आयुष्य गेलं, म्हणून विचारतो, गाडीचं कोणीच कसं काढलं नाही? आझाद हिंद एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते, दोन रात्री काढल्या की हावडा. दिवसभर कोलकाता बघा. रात्री सियालदहून कांचनकन्या, ती दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत हासीमाराला टाकते. तिथून सीमेवरचं जयगाव जवळच. सीमेची कमान ओलांडली की फुंटशोलिंग, भूतान.

मकरंद: काका, जायलाच तीन दिवस!

शिंदे काका: आम्ही नाही गेलो होतो काशीला? गाडीत पत्ते, डबे, गप्पा. सहल घरातून निघाल्यावरच सुरू होते. आणि गाडी विजेवर आहे. आपली वीज बरीचशी कोळशाची, ते मान्य, तरी माणशी हिशेब विमानापेक्षा कितीतरी खाली येतो.

देशमुख वहिनी: काका, सासूबाईंचे गुडघे दोन रात्री बर्थवर नाही टिकायचे. आणि ह्यांना एवढी रजा कोण देणार?

शिंदे काका: त्यांना विमानच. मी सक्ती कुठे करतोय?

अमृता: मधला मार्ग आहे. बागडोगऱ्यापर्यंत विमान, पुढे पारोचं विमान न घेता गाडीने जयगाव, चार-पाच तास. फुंटशोलिंगला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी वर. घाटात वळणं भरपूर, ओकारीच्या गोळ्या जवळ ठेवा.

देशमुख वहिनी: पण पारोला उतरताना डोंगरांच्या मधून विमान जातं म्हणतात, तेच तर बघायचंय 😔

अमृता: मग येताना घ्या ते.

गोखले काकू: एक कडू बोलते. भूतानला कसं जायचं यापेक्षा, मार्चमध्ये लगेच व्हिएतनाम कशाला, ते आधी ठरवा. वर्षाला दोन परदेश सहली, प्रत्येक पाच-सहा दिवसांची. एकच करा, चांगली दहा दिवसांची करा. विमान एकदाच चढतं आणि थिंफूच्या पुढे पुनाखा, बुमथांगही नीट होतं. भूतानचं धोरणही तेच आहे, माणसं कमी आणि मुक्काम मोलाचा. इतर परदेशी माणसाकडून रात्रीला शंभर डॉलर शुल्क घेतात, आपल्याकडून बाराशे रुपये. २०२० च्या आधी आपण फुकट जात होतो.

पाटील साहेब: व्हिएतनामचा ॲडव्हान्स भरलाय काकू.

गोखले काकू: 🙏 मग पुढच्या वर्षीपासून.

रोहन: शिक्क्याबद्दल शेवटचं. इथे केएलएम या डच विमान कंपनीवर पर्यावरणवाल्यांनी खटला भरला होता. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएमच्या 'जबाबदारीने उडा' छाप जाहिरातींतले एकोणीसपैकी पंधरा दावे दिशाभूल करणारे ठरवले. झाडं लावून विमान भरपाई होते असं सुचवणारेसुद्धा त्यात होते. सप्टेंबर २०२६ पासून सगळ्या युरोपीय संघात निव्वळ ऑफसेटच्या, म्हणजे दुसरीकडे भरपाई केल्याच्या, जोरावर वस्तूवर 'क्लायमेट न्यूट्रल' लिहायलाच बंदी.

अमृता: आपल्याकडेही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'कार्बन न्यूट्रल' असले शब्द वापरलेत तर पुरावा देता आला पाहिजे. मकरंददादा, तीन प्रश्न पाठव एजन्सीला: हिशेबात विमान धरलंय का, ग्लासगोचा आराखडा कुठे आहे, झाडं कोणत्या गावात लावली.

मकरंद: पाठवले.

(दुसऱ्या दिवशी)

मकरंद: एजन्सीचं उत्तर आलं. 'सर, विमान हिशेबात नाही, ते एअरलाइनचं असतं. आराखडा हेड ऑफिसला विचारतो. झाडांचं काम एका संस्थेला दिलंय, फोटो येतील.' तासाभराने नवीन पत्रक पाठवलं, त्यात शिक्काच नाही. किंमत मात्र तीच आहे.

पाटील साहेब: बघा, ग्रुपवर भांडलो तर एक खोटं कमी झालं.

गोखले काकू: सहल रद्द नको करूस हं मकरंद. मला जायचंच आहे. मी शिंदे भावजींबरोबर गाडीने.

मकरंद: ठीक. दोन गट करतो. विमानगट आणि रेल्वेगट, फुंटशोलिंगला एकत्र. रेल्वेगटाचे शिंदे काका, विमानगटाची अमृता. पारोचं विमान फक्त परतीला, तेही ज्यांना हवं त्यांनाच.

शिंदे काका: आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशे वीस नाही. कांचनकन्याच्या एसी बर्थ लवकर जातात, त्यामुळे तारीख पक्की करून आरक्षण उघडेल त्याच सकाळी आठला बसावं लागेल. रेल्वेगटाने नाव, वय आणि खालचा बर्थ हवा का, ते मला वेगळं पाठवा.

अमृता: सगळ्यांसाठी: भूतानला आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, लहान मुलांचा जन्मदाखला. सहा ते बारा वयाच्या मुलांना रात्रीचं शुल्क निम्मं, सहाशे रुपये.

देशमुख वहिनी: सासूबाईंचं मतदार कार्ड गावच्या पत्त्यावर आहे, चालेल का?

अमृता: चालतं, वहिनी. फक्त नाव तिकिटावर आहे तस्संच हवं.