गोल्फमधला कमी स्पिनचा ड्रायव्हर कोणी घ्यावा?

धागालेखक

ज्याच्या क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या डोक्याचा, वेग ताशी १०० मैलांच्या आत आहे, त्याने कमी स्पिनच्या (चेंडूला कमी फिरकी देणाऱ्या) ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या क्लबच्या, वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चेंडूला हवेत तोलून धरतो तो त्याचा उलटा स्पिनच, आणि मुळात वेग बेताचा असताना तोही काढून घेतला, तर चेंडू पल्ला गाठण्याआधीच खाली येतो. या ड्रायव्हरांत वजन फेसजवळ (चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाजवळ) आणून गुरुत्वमध्य पुढे सरकवलेला असतो. त्याने स्पिन घटतो खरा, परंतु फटका फेसच्या टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) बसला की क्लब अधिक पिळवटतो. काहींचे डोकेही लहान असते. टायटलिस्टचा टीएसआर४ ४३० घनसेंटिमीटरचा आहे, नियमांची मुभा ४६० पर्यंत असताना. मी स्वतः गेल्या वर्षी ९ अंश लॉफ्टचा, म्हणजे फेस तेवढा मागे कललेला, असा एक ड्रायव्हर हौसेने घेतला. मे महिन्यात पुण्यातल्या टणक फेअरवेवर (मैदानातल्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्यावर) चेंडू पुढे घरंगळत असल्यामुळे उणीव जाणवली नाही. जुलैत मात्र चेंडू पडेल तिथेच रुतू लागला आणि माझी कॅरी (चेंडू हवेत कापतो ते अंतर) किती तोकडी आहे हे उघडे पडले.

प्रतिसाद १

असहमत. वेगाची अट मला मान्य नाही. फटके मोजणारी यंत्रे बनवणाऱ्या ट्रॅकमनने पूर्वी प्रसिद्ध केलेल्या सरासरीत पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेतील पुरुषांचा वेग ताशी सुमारे ११३ मैल आणि एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक मालिकेतील खेळाडूंचा ९४ मैल होता, तरीही दोघांचा स्पिन मिनिटाला २,६०० ते २,७०० फेऱ्यांच्या घरातच होता. स्पिन वेगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, फटक्याच्या क्षणी फेसचा लॉफ्ट आणि क्लब वर किंवा खाली जाण्याचा कोन यांतील फरकावर ठरतो. माझा वेग ९२ मैल आहे, मी चेंडूवर ४ अंश खाली मारतो आणि माझा स्पिन ३,६०० होता. साडेदहा अंशांचे कमी स्पिनचे डोके घेतल्यावर तो २,९०० वर आला आणि कॅरी ११ यार्डांनी वाढली.

धागालेखक

आपण दिलेले आकडे माझ्याच बाजूने बोलतात. त्या महिला सरासरी ३ अंश वर मारतात, तर पुरुष किंचित खाली. म्हणजे त्यांनी कमावले ते स्विंगने, डोके बदलून नव्हे. शिवाय गुरुत्वमध्याच्या खाली बसलेला फटका स्पिन वाढवतो. चेंडूवर व्हाइटबोर्ड मार्करने ठिपका काढून तो टीवर (चेंडू ठेवायच्या खुंटीवर) फेसच्या बाजूला वळवून ठेवा आणि दहा फटके मारा. ठसे फेसच्या खालच्या भागात उमटले, तर टी उंच करणे हा फुकटचा उपाय आहे.

प्रतिसाद १

हा प्रयोग मी खरेदीपूर्वीच केला होता. टी उंच केल्यावर ठसे मध्यावर आले आणि स्पिन जेमतेम २०० ने उतरला. वर मारायला शिकावे हे तत्त्वतः पटते. परंतु वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी कंबर त्याला संमती देत नाही. स्विंग बदलणार नसेल, तर त्याला मानवेल असे साधन का निवडू नये?

प्रतिसाद २

या वादात स्लाइस मारणारा, म्हणजे ज्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळतो तो, बाजूला पडला आहे. फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांतील फरक तोच राहून लॉफ्ट कमी झाला, तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष अधिक कलतो, त्यामुळे उजवीकडच्या झाडीत जाणारा चेंडू आणखी आत जातो. अशांनी २०२४ मध्ये आलेल्या पिंगच्या जी४३० मॅक्स १०के सारख्या, कडेच्या फटक्यालाही सांभाळून घेणाऱ्या डोक्याकडे आधी पाहावे. धागालेखकांना एक प्रश्न: आपला दोष डोक्याचा की ९ अंशांचा? स्लीव्ह (डोके दांड्याला जोडणारी, फिरवता येणारी नळी) फिरवून लॉफ्ट वाढवून पाहिला होता का? बहुतेक स्लीव्हमध्ये लॉफ्ट वाढवताना फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

धागालेखक

नाही, स्लीव्हला मी हात लावलेला नाही. पाना अजून खोक्यातच आहे. साडेदहाचे डोके आणि ९ चे डोके यांना मी एकाच मापाने मोजले, एवढे मान्य करतो. १०० मैलांची अट तूर्त मागे घेतो, परंतु नवख्याने केवळ नावावर भुलून हे डोके उचलू नये, यावर मी ठाम आहे. रविवारी १० अंशांवर लावून ओल्या फेअरवेवर मारतो आणि कॅरीचे आकडे इथेच लिहितो.