जीएसडी 1ए (ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, यकृतातली साखर वापरता न येण्याचा जन्मजात आजार): रात्रीच्या कॉर्नस्टार्चची पाळी कशी वाटायची?

रात्रपाळी: मुलगा 4 वर्षांचा, वजन 15 किलो. रात्री 9, 1 आणि 5 वाजता कच्चा कॉर्नस्टार्च, दर वेळी 24 ग्रॅम. सगळे डोस आईच देते, सलग झोप नाहीच. आजी-आजोबा मदतीला तयार आहेत, पण चुकण्याची धास्ती वाटते. एखादा डोस लांबवला तर चालेल का?

काटा_डबी: स्वतःहून लांबवू नका. या आजारात यकृताला रक्तात साखर सोडताच येत नाही. पोटातला स्टार्च संपला की साखर झपाट्याने उतरते. अंतर वाढवायचंच तर रुग्णालयात ठेवून, रक्तातलं ग्लुकोज आणि लॅक्टेट (साखर पडली की वाढणारं आम्ल) तपासत.

पाळी मात्र वाटता येते. दिवसा डिजिटल काट्यावर 24-24 ग्रॅमच्या कोरड्या डब्या भरून ठेवा. चमच्याचा भरवसा नाही. रात्री डबीत 60-70 मिली साधं पाणी घालून हलवायचं, लगेच पाजायचं. तळाशी राहिलेला साका हाही डोसच. थोडं पाणी घालून तोही पाजा.

आजीला एवढं बजावा: गरम करायचं नाही. शिजलेला स्टार्च लवकर पचतो आणि पुढच्या डोसआधीच साखर पडते. चवीला दूध-साखरही नको, त्यातल्या गॅलॅक्टोज-फ्रुक्टोजने लॅक्टेट वाढतं. आणि आजोबांना दुकानातून पांढरं कॉर्नफ्लोअरच (हाच कॉर्नस्टार्च) आणायला सांगा, मक्याचं पिवळं पीठ नव्हे.

पहाट५: 9 आणि 1 बाबांकडे द्या, 5 आजीकडे (त्या तशाही पहाटे उठतात!). आईने दुसऱ्या खोलीत, फोन बंद करून झोपायचं. नाहीतर प्रत्येक गजराला सगळं घर जागं. गजर दोन फोनवर लावा. अंगावर लावायचा ग्लुकोज सेन्सर असेल तर इशारा 70 (मिग्रॅ/डेसीलिटर) वर ठेवा, पण तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. शंका आली की बोटातून तपासा.

आहारकट्टा: उलटी झाली तर पुढच्या डोसची वाट पाहू नका. पोटात टिकत असेल तर साधी ग्लुकोज पावडर द्या, नाहीतर थेट डेक्स्ट्रोजच्या सलाईनसाठी रुग्णालय. साखर पडल्यावर एरवी देतात ते ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन इथे साखर वाढवत नाही, हे डॉक्टरांच्या सहीच्या पत्रात असू द्या. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला ते ठाऊक असेलच असं नाही.

पुढच्या भेटीत आईच्या झोपेचंही सांगा. पेड्सक्यूएलची (मुलांचं जीवनमान मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा संच) कुटुंबासाठीची 36 प्रश्नांची प्रश्नावली आहे, त्यात पालकांचा थकवा, काळजी, घरकाम सगळं येतं. न मागता ती क्वचितच कोणी पुढे करतं. मूल 5 वर्षांचं झालं की रात्री जास्त तास टिकणाऱ्या वॅक्सी मक्याच्या स्टार्चबद्दलही विचारा. महाग पडतो, पण मधला डोस वाचू शकतो.