ट्रॅक्टर जुना घ्यावा का नवीन? लवकर सांगा, छाटणी तोंडावर आलीय

द्राक्षवेल_तासगाव
नमस्कार मंडळी. द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टर घ्यायचाय, जुना घेऊ का नवीन तेवढं सांगा. जुना 2 लाख 90 ला मिळतोय, मालक ओळखीतलाच आहे, सोबत औषध फवारायचा ब्लोअरपण देतोय. नवीन नुसता ट्रॅक्टरच सहा लाखाच्या पुढं जातोय, ब्लोअर वेगळा. वडील म्हणतात जुना घे, बायको म्हणते कर्ज झालं तरी चालेल पण नवीनच घ्या, गेल्या वर्षी दोड्यात (घड फुलोऱ्याला यायच्या सुमारास) जे झालं ते परत नको. रविवारपर्यंत कळवायचंय, त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आहे. प्लीज लवकर.

नांगर_परभणी
किती एचपी, कोणत्या सालचा, किती तास चाललाय, टू व्हील का फोर व्हील, काहीच लिहिलं नाही तुम्ही. मी 2014 ला सेकंडहँड 45 एचपी घेतला, नांगरट, रोटा, मळणी, ट्रॉली सगळं त्याच्यावर, अजून चालू आहे. जुनाच घ्या डोळे झाकून.

पिंपळगावकर
परभणीचे दादा, ते बागवाले आहेत, 45 एचपी द्राक्षाच्या गल्लीत कुठं घालणार? भाऊ, बाग किती, दोन ओळीत अंतर किती, आणि दोड्यात नक्की काय झालं ते सांगा. उत्तर त्यातच आहे.

द्राक्षवेल_तासगाव
हो सांगायचं राहिलं, 24 एचपी, फोर बाय फोर, 2017 चा. मीटर 2,100 तास दाखवतोय. बाग साडेतीन एकर, जुना प्लॉट 7 फुटी, नवीन 9 फुटी. दोड्यात सलग तीन दिवस पाऊस लागला, आम्ही भाड्याच्या ब्लोअरवर. तो आधी स्वतःची बाग मारणार मग बाकीच्यांची, आमचा नंबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला, तोपर्यंत डाउनी (बुरशीचा रोग) घडावर. अर्धा प्लॉट कूज आणि डाउनीत गेला. म्हणून स्वतःचा पाहिजे.

फिटर_काका
2017 चा आणि 2,100 तास? वर्षाला अडीचशेच्या आसपासच तास पडले. मालक दुसऱ्यांच्या बागा मारायचा का ते आधी विचारा, मारत असेल तर हा आकडा धरू नका, मीटर बदललेलापण असतो.
बघायला सकाळी न सांगता जा, बोनेटला हात लावा, गार पाहिजे. आधीच गरम करून ठेवला असेल तर परत फिरा. गार इंजिन अर्ध्या सेल्फला लागलं पाहिजे. धूर निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे नोझल-पंपाचं काम, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जातंय का बघा, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर विषय संपला. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा, भकभक धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन बांधायला आलं. पुढच्या एक्सलची सील गळतात का ते खाली वाकून बघा, फोर बाय फोरला तेच महाग पडतं. पीटीओ शाफ्ट (ब्लोअर फिरवणारा मागचा दांडा) हातानं हलवा. ब्लोअर जोडून भरल्या टाकीनं चढाला एक फेरी मारा, रिकाम्या टाकीवर सगळेच पळतात. लिफ्टवर वजन उचलून इंजिन बंद करा, लगेच खाली बसली तर हायड्रोलिकचं काम आहे. चेसिस आणि इंजिन नंबर कापडानं पुसून आरसीशी जुळवा.

शेती_आणि_योजना
पण जुन्याला अनुदान नाही हे कुणी सांगितलंच नाही. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अल्पभूधारक, महिला, एससी, एसटी यांना ट्रॅक्टरला सव्वा लाखापर्यंत आणि बाकीच्यांना एक लाखापर्यंत मिळतं, तुमचं साडेतीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकात बसता. फार्मर आयडी लागेल. आता लॉटरी नाही, अर्जाच्या क्रमानं होतं. आणि पूर्वसंमती यायच्या आत बिल केलं तर एक रुपया मिळत नाही.

पिंपळगावकर
साहेब, पूर्वसंमती येईपर्यंत यांची छाटणी होऊन पोंगासुद्धा (नवी फूट) निघून जाईल. आणि पैसे आधी पूर्ण भरायचे, अनुदान नंतर खात्यात.

शेती_आणि_योजना
म्हणून काय सव्वा लाख सोडायचे? शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, सहा-साडेसहाच्या ट्रॅक्टरला चाळीस हजाराच्या आसपास फरक पडला. जुनं विकणारे अजून आधीच्या किमतीच्या हिशोबानं मागतात.

फिटर_काका
हे मात्र बरोबर. 2 लाख 90 ला घासाघीस करा.

आधुनिक_शेतकरी
ट्रॅक्टर हवाच कशाला, ड्रोननं मारून घ्या, एकर दहा मिनिटात होतो, चिखलाचा प्रश्न नाही, मजूर नाही.

पिंपळगावकर
डाउनी पानाच्या खालच्या बाजूला फुलते, घड छताच्या खाली असतात. वरून मारून औषध तिथं कसं पोचणार? सोयाबीनला ठीक आहे.

इंदापूरची_ताई
मी नवीन घेतलाय तीन वर्षांपूर्वी, म्हणून सांगते. पहिल्याच हंगामात पीटीओच्या बाजूनं ऑइल गळायला लागलं, वॉरंटी होती, पण माणूस चौथ्या दिवशी आला आणि ते चार दिवस मी शेजाऱ्यांकडं हातापाया पडत होते. त्यामुळं दादा, नवीन का जुना यापेक्षा तुमच्या तालुक्यात कोणत्या कंपनीचा मेकॅनिक त्याच दिवशी येतो आणि पार्ट कुठं मिळतात ते आधी बघा. वहिनींचं म्हणणं मला पटतंय. पण साडेतीन एकराला सहा लाखाचं कर्ज, आणि द्राक्षाला एका वर्षी दर पडला की सहामाही हप्ता कुठून भरणार तेपण बघा. मी दुसऱ्या वर्षी दागिने ठेवून भरला.

नांगर_परभणी
बेदाणा करत असाल तर यंदा दर बरा होता ना?

द्राक्षवेल_तासगाव
बेदाणा नाही करत दादा. ताई, हप्त्याचंच घोकतोय रोज.
आज पहाटे फिटर घेऊन गेलो होतो न सांगता. इंजिन गार होतं, लगेच लागलं, धूर नाही, झाकण काढलं तर बॅक कॉम्प्रेशन नाही. पीटीओ ठीक. पुढचं डाव्या बाजूचं सील गळतंय आणि टायर दोन्ही गेलेत. मालकानं कबूल केलं की दोन हंगाम बाहेर ब्लोअर मारला. 2 लाख 55 ला तयार झालाय. वडील खूश आहेत. आता विचार असा आहे की हा घेऊन यंदाचा हंगाम काढायचा आणि ट्रॅक्टर नावावर झाला की नवीन ब्लोअरसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा, चालेल का?

शेती_आणि_योजना
चालेल. अवजाराच्या अनुदानाला ट्रॅक्टरचं आरसी घरातल्या माणसाच्या नावावर लागतं, म्हणून आधी ट्रान्सफर पूर्ण करा, फॉर्म 29 आणि 30. मात्र ट्रॅक्टरचं अनुदान मग विसरा. आरसीवर कर्जाची नोंद आहे का?

द्राक्षवेल_तासगाव
आहे, बँकेचं नाव दिसतंय. तो म्हणतो कर्ज कधीच फिटलंय, कमी करायचं राहून गेलं.

फिटर_काका
बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा सही-शिक्क्याचा 35 नंबर फॉर्म हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

द्राक्षवेल_तासगाव
20 हजार इसार दिला सकाळीच.

इंदापूरची_ताई
पावती घेतली का?

द्राक्षवेल_तासगाव
नाही, ओळखीतला होता म्हणून. उद्या बँक उघडली की त्याला सोबत घेऊनच जातो, तिथंच लिहून घेतो.