मदत हवी आहे: शुगर असताना कोलोनोस्कोपीची (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) तयारी

बाबांना 48 व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मी 38 चा, वजन 96 किलो, सगळं पोटावरच, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू, सिगरेट दोन वर्षांपूर्वी सोडली. त्रास काही नाही, शौचाच्या तपासणीत रक्त निगेटिव्ह, म्हणून इथले डॉक्टर म्हणतात 45 नंतर बघू, पण आईवडील-भावंडांत कुणाला साठीच्या आत निघाला असेल तर चाळिशीला किंवा त्यांना निघाला त्या वयाच्या 10 वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी ना, मग माझं वर्ष हेच, तेव्हा पुण्यात अपॉइंटमेंट घेतलीय. गोळ्यांचं तिथल्या डॉक्टरांना विचारणारच आहे. आदल्या दिवशी नुसतं नारळपाणी, डाळीचं निवळ पाणी, त्यात जुलाबाचं औषध, मागे उपवासाला हात थरथरून घाम फुटला होता त्याची खरंच भीती वाटते. शुगर असून ज्यांनी केलीय, तो दिवस कसा काढलात, शुगर किती वेळा तपासलीत?